साथीला पंढरीनाथकाका

दोन हजार पाच साली टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत भारतीयांची अठ्ठावीस घरं होती आणि त्यातल्या सत्तावीस घरांतली कमावती माणसं पस्तिशीच्या आतली होती. अठ्ठाविसावं घर पंढरीनाथकाकांचं. काकांचं वय चोपन्न. मुंबईतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात सव्वीस वर्षं काढून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता ठाण्याला घरी बसून मनसोक्त पेटी वाजवायची असा बेत आखला. तोवर एका आयटी कंपनीने त्यांना उचललं. टोकियोतल्या कुठल्याशा बँकेची जुनी सिस्टिम कोबोल नावाच्या जुनाट कॉम्प्युटर-भाषेत होती आणि कोबोल येणारं तरुण माणूस औषधालासुद्धा सापडत नव्हतं. काकू, म्हणजे कुमुदिनीकाकू, ठाण्याच्या शाळेत शिकवायच्या, त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. म्हणून काका एकटेच आले, बरोबर बारा किलो भाजणी आणि मेतकूट घेऊन.

मी मैथिली. माझा नवरा देवदत्त काकांच्याच टीममध्ये. आम्ही चौथ्या मजल्यावर, काका बरोबर आमच्या खाली तिसऱ्यावर. जपानीची दुसरी पातळी पास झालेली इमारतीत मी एकटीच, त्यामुळे गॅसवाला आला की मैथिली, शाळेचं पत्र आलं की मैथिली, बाटल्यांच्या कचऱ्याच्या वारी कुणी कागद टाकले आणि बोलणी बसली तरी मैथिलीच. सकाळी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानात अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करायचे, त्याचे निदान पैसे मिळायचे. ही समाजसेवा फुकट होती, आणि मी ती कुरकुरत का होईना, करायचे. पण काकांनी बोलावलं की मात्र पळत जायचे, कारण त्यांच्याकडे हमखास काहीतरी हसण्यासारखं घडत असायचं.

काकांचं आयुष्य सांगायचं तर एका शब्दात सांगता येईल. साथ. ठाण्यात त्यांच्या वडिलांचं भजनी मंडळ होतं आणि नवव्या वर्षापासून काका पेटीच्या साथीला बसत. साथीदाराचं काम काय, तर बुवांनी सूर लावला की मागोमाग तो धरायचा. बुवा गेले तिकडे जायचं, ते थांबले की थांबायचं. आधी वाजवायचं नाही, वर वाजवायचं नाही. काका पुढे बँकेतही तसेच वागले आणि संसारातही. हॉटेलात गेल्यावर वेटर आला की ते आधी काकूंच्या तोंडाकडे बघत. टोकियोत काकू नव्हत्या, तर देवदत्तच्या तोंडाकडे बघत.

या सज्जन माणसाच्या पोटात एक भलतंच गुपित होतं. त्रेसष्ट साली त्यांचे रविकांतमामा, जे जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, त्यांनी एक तबकडी आणून दिली. टोबी लॅमॉट नावाच्या अमेरिकन पियानोवाल्याची. रॉक अँड रोल नुकतं जन्माला आलं त्या काळातला हा गडी. उभ्याने वाजवायचा, रंगात आला की स्टुलाला लाथ मारायचा. बारा वर्षांच्या पंढरीनाथने ती तबकडी झिजेपर्यंत ऐकली आणि अख्खी पेटीवर बसवली. मग एका गुरुवारी भजनात गजर असा काही रंगला, की पोराला राहवलं नाही आणि त्याने दोन ओळींच्या मधल्या जागेत टोबीची एक सणसणीत तान मारली. वडिलांनी टाळासकट हात उगारला. मुख्य बुवा बाळासाहेब मात्र नंतर कानात म्हणाले, “वाजव की. पण मी सुरू केल्यावर, बरं का. माझ्या आधी नाही.” हा प्रसंग काका मला निदान सहा वेळा सांगून चुकले होते आणि दर वेळी ती तान तोंडाने वाजवून दाखवायचे.

टोकियोत आल्यावर त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. शनिवारी दुपारी कानांना हेडफोन लावून ते टोबी वाजवायचे. टोबीसारखं उभ्याने. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा? डावा हात हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. पंचेचाळीस वर्षं भाता मारलेला हात, तो ऐकतोय थोडाच! देवदत्तने पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याने विचारलं, “काका, या हाताने मच्छर हाकलताय का?” मी तर मुरकुंडी वळून खाली बसले. आणि एवढ्या सगळ्याबरोबर उजवा पाय जमिनीवर धाड धाड. हेडफोनमुळे काकांना वाटायचं, आपला आवाज कुणाला जात नाही.

पहिल्या नोटिशीत लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावरून धपधप ऐकू येते. ही चिठ्ठी लिफ्टजवळ लागली आणि काकांनी ती कौतुकाने बघितली, कारण त्यांना जपानी वाचता येत नव्हतं. पुढच्या शनिवारी दार वाजलं. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या हायाशीबाई. चौसष्ट वर्षांच्या, नीटनेटक्या, लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी बाईंना “चोत्तो, चोत्तो” म्हणून दारातच थांबवलं आणि मला फोन केला, “मैथिली, कंप्लेंट आलीय गं! तू ये, आणि येताना लाडू असतील तर आण!”

मी लाडूंचा डबा घेऊन धावले. तीनदा माफी मागितली. हायाशीबाईंनी माफी ऐकून घेतली, लाडूही घेतले, आणि मग दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरला. धाड धाड, धाधाधा धाड. “हे टोबीचं ना?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्या तबकडीची पहिली बाजू. पण यांचा पाय अर्धी मात्रा मागे पडतो. माझ्या छतातून ते दर शनिवारी कळतं आणि मला फार त्रास होतो.”

मी भाषांतर केलं. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग चोपन्न वर्षांचा तो माणूस चक्क टाळ्या पिटत जागच्या जागी उडाला. नुसत्या पायावरून गाणं ओळखणारी बाई! बाईंनीही तोंडावर हात धरून हसायला सुरुवात केली. त्या दुपारी त्या घरात आम्ही चार तास बसलो. दोघांना एकमेकांच्या भाषेतले दहा शब्द येत नव्हते, आणि तरी दोन तासांनंतर मला कुणी विचारतच नव्हतं. काका एक तुकडा वाजवत, बाई दुसरा ठोकून दाखवत, आणि मी लाडू खात.

हायाशीबाईंमुळे काका टोबी मंडळात गेले. हे नाव माझं, त्यांचं खरं नाव याच्या तिप्पट लांब आहे. कोइवा स्टेशनच्या मागे एका जुन्या कॉफीच्या दुकानात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सतरा म्हातारे-म्हाताऱ्या जमत. अध्यक्ष कुरोदा-सान, निवृत्त रेल्वे कारकून. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. टोबी कुठल्या दिवशी कुठल्या गावात वाजवायला बसला, म्हणजे उभा राहिला, किती वाजता, अंगात काय होतं, सगळं त्यात टिपलेलं. दुकानात एक पियानो होता, पण सतरांतल्या एकालाही वाजवता येत नव्हता. तबकडी लावायची, डोळे मिटून ऐकायची, मग कॉफी. काकांनी तबकडीबरोबर वाजवायला सुरुवात केल्यावर मंडळी अशी हरखली की विचारू नका. तबकडी पुढे, काका मागोमाग. “पंढरी-सान!” “पंढरी-सान!” कुरोदा-साननी एकदा फार आदराने विचारलं की डावा हात काय करतोय. काका म्हणाले, “हवा भरतोय.” मी तसंच सांगितलं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टोबी गेला. शहात्तर वर्षांचा होऊन, झोपेत. काकांनी सकाळी ऑफिसला निघताना बातमी वाचली आणि चक्क रजा टाकली. ठाण्याला फोन लावला तर काकू म्हणाल्या, “अहो, अंघोळ करा आणि दोन घास खाऊन घ्या.” मंडळाने ठरवलं की एकोणपन्नासाव्या दिवशी विधिवत श्रद्धांजली करायची. आपल्याकडे तेराव्याला सगळं आटोपतं. यांच्याकडे आत्मा एकोणपन्नास दिवस इथंच घुटमळतो आणि मग कायमचा निघतो. तबकडी लावायची नाही, पंढरी-साननी स्वतः वाजवायचं, असंही ठरलं.

आणि मग एका संध्याकाळी हायाशीबाई माझ्याकडे आल्या. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्या म्हणाल्या, एकोणसाठ साली टोबी टोकियोला आला होता तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. त्या काळी मुली स्टेजवर रंगीत कागदी फितींची भेंडोळी फेकायच्या आणि गायकाच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. यांनीही भेंडोळं फेकलं. ते तीन रांगा पुढे एका टकल्या गृहस्थाच्या डोक्यात पडलं. तोंड उघडलं, आणि नेमकं शेजारच्या रांगेत एक्स्चेंजच्या मुख्य बाई दिसल्या. हाक घशातच राहिली. बाकीच्या मुली ओरडल्या, टोबीने त्यांच्या दिशेने हात हलवला. यांच्या दिशेने नाही.

“पुढे लग्न झालं,” त्या म्हणाल्या. “ह्यांना शांतता आवडायची. चांगले होते. पण मी आयुष्यात एकदाही मोठ्याने ओरडले नाही, मैथिली-सान. एकोणपन्नासाव्या दिवसानंतर तर टोबी निघून जाईल. मग हाक मारून काय उपयोग?”

मी त्यांना तशीच हाताला धरून काकांकडे घेऊन गेले. काकांनी सगळं ऐकलं आणि ते पेटले. “प्लॅन सोप्पा आहे,” ते म्हणाले. “मी अशक्य जोरात वाजवतो. खच्चून! त्या गोंधळात ह्यांनी ओरडून घ्यायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही. हायाशी-सान, डोन्ट वरी!” बाईंनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. दोन आठवडे काकांनी रोज सराव केला आणि बाईंनी छतातून ऐकला. पाय अजूनही अर्धी मात्रा मागेच होता, पण त्यांनी तक्रार केली नाही.

तो रविवार उजाडला. दुपारी दोनला आम्ही कॉफीच्या दुकानात पोचलो. सतराच्या सतरा माणसं काळ्या कपड्यांत, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ. समोर टोबीचा काळी फीत लावलेला फोटो. फोटोत तो स्टुलाला लाथ मारतोय आणि पुढे उदबत्ती जळतेय. कुरोदा-साननी वही उघडून टोबीचे सगळे कार्यक्रम तारीखवार वाचले. बावीस मिनिटं. इथे हायाशीबाई ओरडणार? इथे तर शिंकायची चोरी होती.

“पंढरी-सान, दोझो,” कुरोदा-सान म्हणाले. म्हणजे, आता तुम्ही.

काका उठले. बूट काढून ठेवले. स्टूल हलकेच बाजूला सरकवलं. पट्ट्यांना हात लावून तो कपाळाला लावला. मग उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, डावा हात भात्याच्या जागी आणला, मान थोडी तिरपी करून प्रसन्न चेहऱ्याने सगळ्यांकडे बघितलं.

आणि थांबले.

मला वाटलं, दम घेतायत. दहा सेकंद. वीस सेकंद. काका तसेच, हसतमुख, भुवया किंचित वर. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! ही नजर मी इमारतीच्या गणपतीत आरतीच्या वेळी रोज बघितली होती. काका बुवांची वाट बघत होते! कुणीतरी सूर लावेल आणि मग आपण धरू म्हणून हा माणूस टोकियोत, पियानोपुढे, खुशाल उभा होता. पंचेचाळीस वर्षांत चारचौघांपुढे त्याने कधी स्वतः सुरुवात केलीच नव्हती. मंडळात इतके दिवस तबकडी सुरुवात करत होती.

इकडे कुरोदा-साननी या स्तब्धतेचा त्यांच्या परीने अर्थ लावला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. सगळे उठले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. झालं! मौनच सुरू झालं. काकांनी बघितलं की सगळे उभे राहिले, म्हणजे आता गाणार, म्हणून ते आणखीच उत्सुक झाले. ते जितके थांबले तितक्या माना आणखी खाली गेल्या. दुकानाच्या मालकाने कॉफीचं मशीन बंद केलं. मी काकांना खुणा केल्या, हाताने, डोळ्यांनी, शेवटी हनुवटीने. काकांनी मला उत्तेजन देणारी मान हलवली. म्हणजे मी गाऊ? मला आरतीसुद्धा दुसऱ्याच्या आवाजाआड लपून म्हणता येते! माझ्या पोटातून हसू असं उसळायला लागलं की मी गालाचा आतला भाग चावून धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या आजींनी सहानुभूतीने मला रुमाल दिला.

आणि मग माझं हसू गेलं, कारण मी हायाशीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली होती. त्यांना वचन मिळालं होतं गोंधळाचं, आणि इथे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. उदबत्ती अर्ध्याच्या खाली आली होती. मी पुटपुटले, “राहू दे हायाशी-सान, नंतर बघू.” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या काकांकडे बघत होत्या. काका त्यांच्याकडे बघत होते, तसेच, मान तिरपी करून, जगातला सगळा वेळ आपल्याकडे असल्यासारखे.

हायाशीबाईंनी पर्स खाली टाकली.

“टोबीईईईई!”

बापरे, काय तो आवाज! त्या एवढ्याशा बाईतून! कपबश्या किणकिणल्या. सगळ्या माना एकदम वर आल्या. त्यांची हाक संपायच्या आत काकांच्या उजव्या हाताने ती पकडली होती. तार सप्तकातली काळी चार, तंतोतंत, एक केसभर मागे नाही की पुढे नाही. तो सूर त्यांनी असा दणकावला आणि तिथून सरळ टोबीच्या तानेत उडी घेतली. हायाशीबाई पुन्हा ओरडल्या, काका पुन्हा वर चढले. त्या ओरडतील तिथे सूर, त्या दम घेतील तिथे ठेका. मी इतकी सुंदर साथ आजवर ऐकलेली नाही, आणि आमच्याकडे सगळी सवाई गंधर्वला जाणारी माणसं आहेत.

मग धरण फुटलं. शेजारच्या आजी ओरडल्या. दुकानाचा मालक ओरडला. कुरोदा-साननी वही टेबलावर ठेवली, टाय सैल केला, आणि रडत रडत “टोबी! टोबी!” करत जमिनीवर पाय आपटायला लागले. डाव्या हाताची उणीव सतरा जोड्या बुटांनी भरून काढली. कुणीतरी कॅश रजिस्टरमधला कागदाचा रोल काढून फोटोच्या दिशेने भिरकावला. मीसुद्धा ओरडले. मला टोबीचं धड एक गाणं येत नव्हतं, तरी घसा बसेपर्यंत ओरडले. काकांनी सलग पन्नास मिनिटं वाजवलं आणि शेवटी बाजूला ठेवलेल्या स्टुलाला आपण होऊन, अगदी हळू, मोज्यातली लाथ मारली. मग वाकून ते उचलून जागेवर ठेवलं आणि मालकाची माफी मागितली.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं मागच्या सीटवर बसलो. हायाशीबाईंचा आवाज पार बसला होता. गाल लाल झाले होते आणि त्या मधूनच स्वतःशी हसत होत्या. अर्ध्या रस्त्यात त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि नुसत्या श्वासाने बोलल्या. पंढरी-साननी ठरल्याप्रमाणे गोंधळ केला असता तर माझी हाक त्यात बुडाली असती, त्या म्हणाल्या. ते मुद्दाम गप्प राहिले. एवढी माणसं उभी असताना माझ्यासाठी थांबले. आजवर माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

मी हे काकांना मराठीत सांगितलं. काकांचा चेहराच उतरला.

“अगं, कसलं मुद्दाम! मी प्लॅन साफ विसरलो गं! हात ठेवला आणि कुणीतरी सूर लावायची वाट बघत बसलो. सवय! तिला खरं सांग हं, मैथिली. उगाच माझ्या नावावर मोठेपणा नको.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी हायाशीबाईंकडे वळले आणि जपानीत म्हणाले, “काका म्हणतात, गाणारं माणूस सूर लावत नाही तोवर ते वाजवत नाहीत. ते त्याचीच वाट बघत होते.”

बाईंनी बसल्या जागेवरून काकांना वाकून नमस्कार केला. इतका खाली की कपाळ पुढच्या सीटच्या दांडीला टेकलं.

“सांगितलंस ना नीट?” काकांनी विचारलं.

“अगदी तुम्ही म्हणालात तस्संच,” मी म्हणाले.